राखीव कलम आणि कर्ट फ्लड

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळाडू आणि संघमालक यांचे नाते जवळजवळ शंभर वर्षे एकाच अटीने बांधलेले होते. ‘राखीव कलम’ या नावाने ओळखली जाणारी ही अट संघमालकांनी १८७९ मध्ये आपसांत ठरवली; आरंभी ती प्रत्येक संघातील पाच खेळाडूंपुरती होती, पण पुढे ती सरसकट सर्वांना लागू झाली. करार संपला तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे. संघ त्याला पुन्हा बांधून घेऊ शके, दुसऱ्या संघाच्या हवाली करू शके किंवा काढून टाकू शके, मात्र खेळाडूला स्वतःहून दुसरीकडे जाण्याची मुभा नसे. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलचे सामने म्हणजे आंतरराज्य व्यापार नव्हे, असे ठरवून या खेळाला मक्तेदारीविरोधी कायद्यांच्या कक्षेबाहेर ठेवले आणि १९५३ मध्ये तीच भूमिका कायम केली. या व्यवस्थेला आव्हान देणारा कर्ट फ्लड हा सेंट लुइस कार्डिनल्सचा सेंटर फील्डर होता, म्हणजे बाह्य मैदानातील तीन क्षेत्ररक्षकांपैकी मधला, ज्याला उंच उडालेल्या चेंडूंसाठी सर्वांत मोठा पट्टा सांभाळावा लागतो.

फ्लडचा जन्म १८ जानेवारी १९३८ रोजी ह्यूस्टन येथे झाला आणि तो कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये वाढला. १९५६ मध्ये सिनसिनाटीच्या संघाने त्याला करारबद्ध करून दक्षिणेकडील राज्यांतील दुय्यम संघांत पाठवले, जिथे वर्णभेदाचे नियम अजून पूर्ण जोमात होते. तिथला एक प्रसंग त्याने पुढे सांगितला आहे: एकाच दिवशी लागोपाठ होणाऱ्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात सर्वांनी घामाने भिजलेले गणवेश एका ढिगात टाकले, तेव्हा तेथील नोकराने फ्लडचा गणवेश हाताने न उचलता काठीने बाजूला काढला, तो कृष्णवर्णीयांच्या निराळ्या धुलाई केंद्रात पाठवला, आणि सहकारी मैदानात उतरले तरी कपडे परत येईपर्यंत फ्लडला उघड्या अंगाने बसून राहावे लागले. त्याच्या पुढील आयुष्यातील हट्ट समजून घ्यायचा तर त्याच्या फलंदाजीच्या आकड्यांपेक्षा या प्रसंगाकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

आकडेही थोर होते. १९५७ च्या अखेरीस कार्डिनल्सकडे आल्यावर त्याने तिथे बारा हंगाम काढले, १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ पुरस्कार मिळवला, १९६६ च्या संपूर्ण हंगामात क्षेत्ररक्षणात एकही चूक केली नाही, आणि १९६४ व १९६७ मध्ये जागतिक मालिका जिंकणाऱ्या संघात तो होता. १९६८ च्या मालिकेतील अखेरच्या सामन्यात मात्र जिम नॉर्थरपने मारलेल्या चेंडूचा अंदाज त्याला आला नाही आणि डेट्रॉइटने मालिका जिंकली.

ऑक्टोबर १९६९ मध्ये कार्डिनल्सने अनेक खेळाडूंच्या अदलाबदलीत त्याला फिलाडेल्फिया फिलीजकडे देऊन टाकले. वर्षाला ९०,००० डॉलर मिळवणाऱ्या खेळाडूने तक्रार करावी, हे अनेकांना पटले नाही. परंतु फ्लडचा आक्षेप पैशाला नव्हता. २४ डिसेंबर रोजी बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना लिहिलेल्या पत्रात त्याने आपण इच्छेविरुद्ध खरेदी-विक्री होणारी मालमत्ता नाही, असे स्पष्ट म्हटले आणि इतर संघांचे प्रस्ताव विचारात घेण्याचा हक्क मागितला. कून यांनी नकार देताच जानेवारी १९७० मध्ये त्याने दावा दाखल केला. खटला जिंकला तरी त्याचा लाभ स्वतः फ्लडला होणार नाही, असे खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांनी त्याला आधीच बजावले होते, आणि ते ठाऊक असूनही तो मागे हटला नाही.

खेळाडू संघटनेने खर्च उचलला आणि माजी न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग यांनी वकीलपत्र घेतले. निवृत्त खेळाडूंपैकी जॅकी रॉबिन्सन व हँक ग्रीनबर्ग साक्षीला आले. पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात येऊन बसला नाही. ज्यांच्यासाठी हा लढा होता त्यांची ही अनुपस्थिती संघमालकांच्या दडपणाने समजावता येते, तरी तिची खंत कमी होत नाही.

१९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लडविरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी निकालपत्राच्या आरंभी बेसबॉलचे गुणगान करून ऐंशीहून अधिक जुन्या खेळाडूंची नावे दिली, आणि बहुमतातील दोन न्यायमूर्तींनी त्या भागाला संमती देण्याचे टाळले. बेसबॉलला मिळालेली सूट विसंगत आहे, हे मान्य करूनही ती दूर करणे संसदेचे काम असल्याचे निकालात म्हटले होते.

तोवर फ्लडची कारकीर्द संपली होती. १९७० चा हंगाम बाहेर काढल्यावर १९७१ मध्ये वॉशिंग्टन सेनेटर्सकडून अवघे १३ सामने खेळून तो देशाबाहेर निघून गेला. मात्र या खटल्याने जागवलेली चर्चा थांबली नाही. प्रमुख स्पर्धांत दहा वर्षे आणि त्यांतील शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला अदलाबदल नाकारण्याचा अधिकार १९७३ मध्ये मिळाला, आणि डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली यांच्या प्रकरणात राखीव कलमाचा अर्थ केवळ एका वर्षापुरता लावल्यावर खेळाडूंना मुक्तपणे संघ निवडण्याची वाट खुली झाली. २० जानेवारी १९९७ रोजी लॉस एंजेलिस येथे घशाच्या कर्करोगाने फ्लडचे निधन झाले. पुढच्याच वर्षी संसदेने त्याच्या नावाचा कायदा करून प्रमुख स्पर्धांतील खेळाडूंच्या नोकरीपुरती १९२२ ची सूट काढून घेतली; दुय्यम संघांत राबणाऱ्या खेळाडूंना मात्र त्या कायद्याने संरक्षणाबाहेरच ठेवले.