परिचर्याशिक्षणातील नोंदपत्रक : १८६० चा तक्ता ते आजची संगणकप्रणाली

रुग्णालयातील परिचर्याशिक्षणाची व्यवस्था पाहण्यासाठी सध्या ज्या संगणकप्रणाली वापरल्या जातात, त्यांचा इतिहास संगणकाच्या आगमनापासून सांगण्याचा प्रघात पडला आहे. तो सोयीचा असला तरी अपुरा आहे. कोणत्या विद्यार्थिनीने कोणत्या वॉर्डात किती दिवस काढले, तिने काय पाहिले, काय स्वतः केले आणि तिच्याविषयी वरिष्ठांचे मत काय, हे रकान्यांत मांडण्याची कल्पना संगणकाहून शंभर वर्षांनी जुनी आहे. प्रणालींनी तो तक्ता वारसाहक्काने घेतला. त्याच्याबरोबर त्यातील दोषही घेतले.

क्रिमियन युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिच्या गौरवार्थ जमलेल्या निधीतून लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० साली परिचारिकांची शाळा निघाली. प्रशिक्षण एक वर्षाचे, देखरेख मेट्रन सेअरा वॉर्ड्रोपर यांची. प्रत्येक उमेदवार विद्यार्थिनीचा शील व कौशल्य दाखविणारा तक्ता दरमहा भरला जाई. शीलाच्या रकान्यांत वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप असे गुण होते. कौशल्यांच्या यादीत अशी कलमे होती : जखमा व भाजलेल्या भागांची मलमपट्टी, जळवा लावणे, एनिमा देणे, असहाय रुग्णास हलविणे व भरविणे, रुग्ण अंथरुणावर असतानाच चादर बदलणे, पेज व पथ्याचे पदार्थ शिजविणे, वॉर्डात हवा खेळती ठेवणे, इत्यादी. त्यांतील एक कलम मात्र जातीनेच वेगळे आहे. त्यात रुग्णाचे अचूक निरीक्षण मागितले आहे : नाडी, त्वचा, भूक, झोप, श्वास, वात किंवा गुंगी, जखमेची अवस्था, आहाराचा व औषधाचा परिणाम. इतर कलमे हातांची आहेत, हे डोळ्यांचे आणि शब्दांचे आहे. चादर नीट बदलली की नाही हे मेट्रनला खूण करून सांगता येते. विद्यार्थिनीला काय दिसले हे मात्र तिने स्वतः लिहिल्यावाचून कळत नाही. म्हणूनच विद्यार्थिनींनी दैनंदिनी व रुग्णवृत्ते लिहावीत, असा नाइटिंगेलचा आग्रह होता.

पुढे काय झाले ते या विषयाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८७१ साली रुग्णालय लॅम्बेथच्या नव्या वास्तूत गेले आणि त्या सुमारास नाइटिंगेलने शाळेच्या कारभारात बारकाईने लक्ष घातले, तेव्हा असे आढळले की, विद्यार्थिनींना शिकविण्याची जबाबदारी ज्या निवासी वैद्याकडे होती, त्या व्हिटफील्ड यांनी ती बऱ्याच काळापासून नीट पार पाडली नव्हती. तक्ते भरले जात होते, शिक्षण होत नव्हते. १८७२ मध्ये व्हिटफील्ड गेले, त्यांच्या जागी शल्यचिकित्सक क्रॉफ्ट आले; आणि नाइटिंगेल विद्यार्थिनींना एकेकटीने भेटून आपली स्वतंत्र टिपणे ठेवू लागली. तक्त्याची उणीव तिने दुसरा तक्ता काढून भरली नाही, संभाषणाने भरली.

संगणक या क्षेत्रात शिरला तो नोंदीसाठी नव्हे, अध्यापनासाठी. इलिनॉय विद्यापीठात डॉनल्ड बिट्झर व सहकाऱ्यांनी १९६० पासून 'प्लेटो' ही संगणकाधारित अध्यापनपद्धती उभी केली. मेरीअॅन बिट्झर या परिचारिकेने तीवर १९६३ च्या सुमारास हृदयविकाराच्या रुग्णाच्या शुश्रूषेचा पाठ रचला आणि अर्बाना येथील मर्सी रुग्णालयाच्या परिचर्याशाळेतील विद्यार्थिनींनी तो अभ्यासला. विद्यार्थिनी कळफलकावरून रुग्णाची माहिती विचारी, उपचार निवडी आणि त्याचा परिणाम पडद्यावर पाही. काय विचारावे हे तिनेच ठरवायचे होते. माझ्या मते निरीक्षणाच्या त्या कलमाच्या आत्म्याशी इमान राखणारा हा पहिला संगणकीय प्रयोग होय. पुढील प्रणालींनी हा धागा फारसा पुढे नेला नाही.

कारण नंतरची गरज निराळी होती. विद्यार्थी वाढले, महाविद्यालये वाढली, खाटा मात्र त्या मानाने वाढल्या नाहीत. एकाच वॉर्डासाठी अनेक संस्था ताटकळू लागल्या. त्यातच नियामक संस्थांनी तासांचे माप लावले. ब्रिटनमध्ये परिचारिकेच्या नोंदणीपूर्वी प्रात्यक्षिकाचे २,३०० तास ठरले. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणासाठी असलेली किमान ५०० तासांची अपेक्षा २०२२ च्या मानकांत ७५० झाली. तास मोजावयाचे, वॉर्ड वाटावयाचे, लसीकरणाची प्रमाणपत्रे तपासावयाची, मार्गदर्शक परिचारिकेची सही मिळवावयाची, ही सारी कारकुनी कामे संगणकाच्या स्वभावाला मानवणारी. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात तर सरकारी आरोग्यसेवेतील नेमणुकांचे वाटप 'क्लिनकनेक्ट' या एकाच प्रणालीतून होते. हा लाभ खरा आहे. ज्याने कागदावर रोटेशन प्लॅन आखून तो तीनदा खोडला असेल, तो त्याला नावे ठेवणार नाही.

परंतु तास हे माप किती खरे? अमेरिकेत दहा परिचर्या-अभ्यासक्रमांत झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, रुग्णालयातील निम्मे तास चांगल्या अनुकरणात्मक प्रशिक्षणाने भरून काढले तरी विद्यार्थ्यांची अंतिम गुणवत्ता घटत नाही. ब्रिटनच्या नियामक परिषदेनेही २०२३ मध्ये २,३०० पैकी ६०० तासांपर्यंत अनुकरणास मुभा दिली. तास जर असे बदलून घेता येत असतील, तर त्यांच्या आत काय घडले हाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर तासांच्या रकान्यात नसते. येथे एक शब्दविचार अप्रस्तुत होणार नाही. चरकाने चिकित्सेच्या चार पादांत परिचर्या करणाऱ्यास 'उपस्थाता' म्हटले आहे, म्हणजे जवळ उभा राहणारा. त्याच धातूपासून आलेली आपली 'उपस्थिती' आज हजेरीपुरती उरली आहे.

दुसरी अडचण भाषेची आहे, आणि ती आपल्या विभागाच्या कक्षेत येते. परिचर्येच्या निदानांना ठरीव नावे देण्याचा संघटित प्रयत्न १९७३ च्या सेंट लुइस परिषदेपासून सुरू झाला. १९८९ साली सोल येथे आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने जागतिक वर्गीकरणाचा ठराव केला. नाव नसलेले काम हिशेबात धरले जात नाही, ही त्यामागची भूमिका योग्यच होती. मात्र ही नावे पडद्यावरील यादीत बसली की, निरीक्षणाचे वाक्य जाते आणि निवड उरते. विद्यार्थिनी वर्णन करीत नाही, यादीतील एक शब्द टिपते.

महाराष्ट्रात या निवडीला आणखी एक पदर आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमाने सत्र व क्रेडिट पद्धती आणली, लॉगबुकमध्ये प्रत्येक कौशल्यापुढे शिक्षकाची सही मागितली. ती लॉगबुके आता कोठे कोठे संगणकावर जात आहेत. नोंद इंग्रजीत होते. पोस्टिंगवरील विद्यार्थिनीला रुग्ण सांगतो ते मराठीत : 'जीव घाबरतो', 'छातीत कळ येते', 'हातपाय गळाले', 'अंगात कसकस आहे'. 'कळ', 'ठणका', 'चमक', 'आग', 'वळ' हे पाच शब्द पाच प्रकारच्या वेदना दाखवितात. यादीत त्यांना एकच घर मिळते, फार तर जोडीला दहापैकी आकडा. 'जीव घाबरणे' याला तर घरच नाही. ते भय म्हणून नोंदले तर हृदयाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव, हृदयाची तक्रार म्हणून नोंदले तर भय निसटते. अनुभवी सिस्टर हा फरक रुग्णाच्या चेहऱ्यावरून ओळखते. विद्यार्थिनीने तो शिकावा यासाठीच तिला वॉर्डात पाठविलेले असते.

यासाठी प्रणाली टाकून देण्याचे कारण नाही. रुग्णाचे उद्गार त्याच्याच शब्दांत, देवनागरीत लिहिण्यास एक मोकळा रकाना ठेवणे, तो भरल्यावाचून नोंद पुरी न होऊ देणे, आणि सही करणाऱ्या शिक्षिकेने तो वाचून एक प्रश्न तरी विचारणे, एवढे तंत्रदृष्ट्या अवघड नाही. असे रकाने चार-पाच वर्षे भरले गेले, तर रुग्णाची ओळख पटणार नाही अशा रीतीने त्यांतील शब्द उतरवून घेता येतील, आणि विदर्भ, मराठवाडा व कोकण येथील वेदनावाचक शब्दांची जी तुलना आजवर ऐकीव माहितीवर चालत आली आहे, तिला प्रथमच वॉर्डातील साधन मिळेल.