दारुखान्याचा विमा कोणी उतरवायचा?

मुंबईत रे रोडच्या दारुखाना भागात मी कामगार नुकसानभरपाईच्या पॉलिसी विकायचो. लोखंडाच्या गाळ्यांत ते जमायचं, तिथे निदान पगारपत्रक असायचं. जहाजतोडणीच्या प्लॉटवर मात्र गाडं अडायचं. हप्ता ठरतो एकूण मजुरीवर आणि कामाच्या धोक्यावर. इथे मजुरी मुकादमाच्या वहीत, आणि गॅसकटर आज या प्लॉटवर तर उद्या त्या. शेट विमा उतरवायला तयार झाला तरी ऑफिसातून प्रश्न परत यायचे: माणसं किती, नावं काय, जहाजाच्या टाक्यांत गॅस नाही याचा दाखला कुठे? प्रश्न रास्त होते. उत्तर नसल्याची किंमत मोजायचा तो कापणारा माणूस.

कायदा होता. 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा 1 जुलै 1924 पासून लागू झाला. मृत्यू झाल्यास 30 महिन्यांचा पगार किंवा 2,500 रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. अंगठा गेला तर कमाईची 25 टक्के ताकद गेली असं धरायचं. पैसे मालकाने द्यायचे, पण त्यासाठी विमा उतरवलाच पाहिजे, असं बंधन नव्हतं. परळ-लालबागच्या गिरणीमालकाकडे वसुलीला निदान गिरणी तरी होती. एक जहाज तोडून प्लॉट सोडून जाणाऱ्याकडून मेलेल्या कामगाराच्या बाईने काय वसूल करायचं?

ही फट सरकारने एकदा बुजवली होती, म्हणून मला जास्त वाईट वाटतं. महायुद्धात बॉम्बहल्ल्याची जोखीम खासगी कंपन्यांना पेलणारी नव्हती. तेव्हा 1943 साली केंद्र सरकारने युद्धजखमांच्या भरपाई-विम्याचा कायदा केला. कारखाने, खाणी, मोठी बंदरं यांच्या मालकांनी सरकारची पॉलिसी घ्यायचीच. मजुरीच्या एकूण रकमेवर हप्ता, न घेणाऱ्याला दंड, आणि हा विमा दुसऱ्या कुणी विकायचा नाही. नकार मिळण्याचा प्रश्नच उरला नाही.

पुढच्याच वर्षी, 14 एप्रिल 1944 ला, इथून दोन-तीन स्टेशनं दक्षिणेला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ ही बोट फुटली. कापूस आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं एकाच बोटीत भरली होती. शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान. हा स्फोट शत्रूच्या हल्ल्याने झालेला नव्हता, म्हणून भरपाईसाठी वेगळा वटहुकूम काढावा लागला. तो निघाला. निकड पटली की सरकार किती चटकन हलतं, ते इथे दिसतं.

युद्ध संपलं आणि ती सक्तीही गेली. 1946 पासून मोटारगाडीला रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठी विमा सक्तीचा झाला. कर्मचारी राज्य विमा 1954 ला मुंबईत आला, पण तो कारखान्यांतल्या कामगारांसाठी. आज इथे उद्या तिथे काम करणाऱ्यापर्यंत तो पोचला नाही.

फरक पडला तो अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांच्या, चळवळीने. 1969 च्या माथाडी कायद्यानंतर लोखंड बाजारातल्या हमालांच्या टोळ्या माथाडी बोर्डात नोंदल्या गेल्या. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही बोर्डाकडे भरतो, बोर्ड ती मजुरी वाटतो. त्या कायद्यात एक फार मोलाचं कलम आहे: मजुरी बोर्ड देत असेल, तर नुकसानभरपाईपुरता बोर्डच मालक. व्यापारी बुडाला, पळाला, तरी जबाबदार कोण ते ठरलेलं. म्हणजे दारुखान्यात कापलेला पत्रा ट्रकवर चढवणाऱ्या नोंदणीकृत हमालाच्या मागे कुणीतरी उभं होतं. तोच पत्रा कापणाऱ्याच्या मागे कुणी नव्हतं.

2003 च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या गोदी कामगारांच्या युनियनने जहाजतोडणीवाल्यांना संघटित करायला घेतलं. पिण्याचं पाणी, प्रथमोपचार, इथून सुरुवात. युनियनच्या कार्डाची किंमत मला लगेच कळली, कारण अपघातानंतर मालकाचं पहिलं उत्तर ठरलेलं असायचं: हा आमचा माणूसच नव्हे.

माझं म्हणणं तेव्हाही होतं, आजही आहे. जहाज तोडायला घेतानाच बंदरावर, टनामागे हप्ता कापून घ्यावा आणि विमा सरकारने द्यावा. मग मुकादमाची वही लागत नाही, आणि त्या जहाजावर जखमी झालेला माणूस कोणाचा, हे विचारायचं कारण राहत नाही.