खारपाणपट्टा : भरलेल्या विहिरींची तहान

पाणीटंचाई म्हटली की कोरडी विहीर डोळ्यांसमोर येते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील विहिरींना मात्र पाणी आहे. ते पिता येत नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील शेकडो गावांचा हा प्रदेश वऱ्हाडात ‘खारपाणपट्टा’ म्हणून ओळखला जातो.

समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांत येथील खाऱ्या विहिरींची, आणि त्यांच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढले जात असल्याची नोंद आढळते. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग आणि मधल्या खोलगट भागात नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचे प्रचंड जाड थर. चिकणमातीतून निचरा होत नाही, पाऊस बेताचा, बाष्पीभवन जबर. त्यामुळे क्षार आतच साचत गेले. सातपुड्याच्या पायथ्याशी विहिरीचे पाणी गोड लागते. पूर्णेकडे सरकावे तसे ते खारट होत जाते.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राला एक स्वस्त उपाय गवसला. त्याच वर्षी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली आणि कातळात विंधन विहिरी घेऊन गावोगावी हातपंप उभे राहू लागले. गावाची तहान गावाच्याच जमिनीतून भागवणारा हा उपाय दख्खनच्या काळ्या खडकात बऱ्याच अंशी लागू पडला. खारपाणपट्ट्यात तो फसला, कारण दोष पाण्याच्या प्रमाणात नव्हता, त्याच्या चवीत होता. येथे शेजारच्या गावाची विहीरही खारीच!

म्हणून गोडे पाणी बाहेरून आणून अनेक गावांना एकाच नळयोजनेत जोडणे भाग पडले. ‘प्रादेशिक पाणीपुरवठा योजना’ हे त्याचे सरकारी नाव. लोक मात्र ‘८४ खेडी’, ‘६४ खेडी’ असे आकड्यानेच बोलतात. पहिलीला सातपुड्यातील वान धरणाचे पाणी, दुसरीला काटेपूर्णेचे.

हातपंप बिघडला तर एका गावाचे पाणी बंद होते. मुख्य जलवाहिनी फुटली, वा थकीत बिलापायी वीज तोडली गेली, तर डझनावारी गावांचे. शेवटच्या टोकाच्या गावाला नेहमीच कमी दाबाने पाणी मिळते, आणि वरच्या गावाने किती ओढले यावर त्याचे काहीच चालत नाही. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याच्या पाण्याचा विषय पंचायतींकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. पण साठ गावांची वाहिनी एका ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली नसते.

धरणाचे पाणी तरी कोणाचे? २००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याला पहिला अग्रक्रम दिला. वानच्या पाण्यावर तेल्हारा तालुक्यातील ओलित उभे राहिले होते; त्यातून बाहेरच्या योजनांसाठी वाटा राखून ठेवण्यास तेथील शेतकऱ्यांनी कडवा विरोध केला. त्यांचा विरोध स्वार्थी ठरवणे सोपे आहे, न्याय्य नाही. दुसरीकडे बाळापूर भागातील ६९ गावांची योजना रखडली, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये तेथील लोक आपल्या विहिरींचे खारे पाणी सोबत घेऊन पायी नागपूरच्या दिशेने निघाले.