दार उघडे ठेवण्यासाठी : वऱ्हाडातील वास्तुजतनाची प्रस्तावना

शेंदूरजनाघाटची ओळख करून द्यायची तर संत्र्यापासूनच सुरुवात करावी लागते. वरूड तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. अशा गावात बसून कोणी किल्ले, वेशी आणि छत्र्यांच्या दुरुस्तीवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण इथून डोंगराच्या कडेकडेने पश्चिमेला निघा. अचलपूरचा तट आणि हौज कटोरा, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड, अकोट तालुक्यातला नरनाळा, आणि थोडे दक्षिणेला उतरले की बाळापूरचा किल्ला. एवढा ठेवा ज्यांच्या दाराशी आहे, त्यांनी त्याच्या डागडुजीचे शास्त्र परक्यांकडून का ऐकावे?

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत वऱ्हाडातला एकही नाही. यात रुसण्यासारखे काही नाही. आपल्या किल्ल्यांची घडण वेगळी आहे. गाविलगड आणि नरनाळा बहमनी व इमादशाही काळात आकाराला आले, नंतर मोगल, निजाम आणि नागपूरकर भोसले अशा अनेक हातांतून गेले. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा. त्यावरचे कोरीव लेख आणि जाळीकाम पाहून तुम्ही थबकला नाहीत, तर आम्हाला आश्चर्य वाटेल. गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी ज्या आर्थर वेलस्लीने घेतला, तोच पुढे वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. लढाईने झाले त्यापेक्षा या गडाचे अधिक नुकसान १८५७ च्या उठावानंतर झाले. बंडखोरांना आसरा मिळू नये म्हणून इंग्रजांनी तो मोडून टाकला. म्हणजे आज दिसणारी प्रत्येक पडझड काळाने केलेली नाही, काही हुकमाने झालेली आहे. डागडुजी करणाऱ्याने हा फरक ओळखायला हवा, कारण कधी कधी मोडलेपण हाच जपण्याजोगा पुरावा असतो.

या विषयात नव्याने येणाऱ्यांनी तारखांपेक्षा आधी पाण्याकडे पाहावे. वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर उभा असलेला पाया वर्षानुवर्षे हलत राहतो. तटावर पिंपळ रुजतो तोही सांध्यात मुरलेल्या पाण्याच्या आधाराने. तो उपटून काढला तर मुळांबरोबर दगडही निखळतात. खोड कापून, मूळ मारून, मग पोकळी भरत जावे लागते. पाणी पायापासून दूर नेणारा साधा चर अनेकदा नव्या बांधकामापेक्षा जास्त काम करतो. असल्या कामाचे उद्घाटन मात्र कोणी करत नाही.

त्यानंतर चुना. जुन्या भिंतींचा चुना भिजवून, मुरवून, घाण्यात दळून तयार होई. त्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, आणि ठिकठिकाणच्या रीतीप्रमाणे गूळ किंवा बेलफळाचा गर पडे. असा चुना ओल शोषतो आणि बाहेरही टाकतो. त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि काही पावसाळ्यांनी सिमेंट जागेवर राहून मागची वीट पिठासारखी झडते. शेंदूरजनाघाटच्या वाचकाला हे वेगळे समजवायला नको : कलम बांधताना डोळा खुंटाशी जुळणारा लागतो, नाहीतर तो धरत नाही. जॉन मार्शल यांची १९२३ ची जतन-पुस्तिका आणि १९६४ ची व्हेनिस सनद या दोहोंचा रोख असाच आहे : बदल कमीत कमी करावा, आणि नवे काम जुने म्हणून खपवू नये. आमचे मत याहून थोडे कडक आहे. ज्या गावात चुना मळणारा हात उरलेला नाही, तिथे आधी तो हात तयार करावा, मग भिंतीला हात लावावा.

वास्तू लोकांना खुली करणे हा दुरुस्तीनंतरचा समारंभ नाही, तो दुरुस्तीचाच भाग आहे. मुंबईचे १८७२ चे भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून सावरले. २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये ते पुन्हा उघडले. आपल्याकडचे उदाहरण इतके झळझळीत नाही, पण बोलके आहे. बाळापूरचा किल्ला १७५७ मध्ये पुरा झाला. पुढे त्यात सरकारी कचेऱ्या आल्या, माणसांचा वावर राहिला. वावर असला की गळणारे छत कोणाला तरी दिसते. अमरावतीच्या परकोटाचे दरवाजेही बाजाराच्या गर्दीत आपले काम करत उभे आहेत. गर्दीचा त्रास आहेच, पण कुलूप लावून विसरलेल्या इमारतीचे हाल त्याहून वाईट होतात. रंगीबेरंगी दिवे लावून तट उजळण्याची हौस मात्र आम्हाला पटत नाही. तेवढ्या खर्चात एक जाणता वाटाड्या वर्षभर ठेवता येईल.

कायद्याची बाजू थोडक्यात. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा कायदा संरक्षित स्मारकांना आधार देतो. केंद्रसंरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे. राज्य संरक्षित स्मारकांचे पालकत्व संस्थांना घेता यावे, म्हणून राज्याची संगोपन योजनाही आहे. या सगळ्याच्या बाहेर राहतात त्या गावोगावच्या मातीच्या गढ्या. त्यांची माती लोक घरकामाला नेतात, पावसाळ्यात बुरूज आणखी थोडे खचतात, आणि मालकी अनेक वारसांत वाटलेली असल्याने सहीला सगळे एकत्र येत नाहीत. पुस्तकाचा मोठा भाग आम्ही त्यांनाच दिला आहे. इथे पुरातत्त्व खाते येईल म्हणून थांबण्यात अर्थ नाही.

वाचकांनी पाण्याचे आणि चुन्याचे प्रकरण आधी वाचावे, इतिहासाचे नंतर वाचले तरी चालेल. पावसाळा सरल्यावर नरनाळा पाहायला जावे. तो अभयारण्यात आहे, तेव्हा प्रवेशाच्या वेळा वनखात्याकडे विचारून घ्याव्यात. शहानूरहून चढताना दरवाज्यांची शोभा तुम्ही पाहालच. त्यासोबत पावसाचे पाणी तटातून कुठे वाट काढते तेही पाहा, आणि वहीत टिपून ठेवा. दुसऱ्या प्रकरणातल्या आकृत्या त्या टिपणांशी ताडून पाहता येतील.