डेल्टा कॉर्प : नोंदणी पुण्याची, कॅसिनो गोव्याचे

भारतातील कॅसिनो व्यवसायात अग्रेसर असलेल्या डेल्टा कॉर्प या कंपनीची नोंदणी पुण्याची आहे आणि तिच्या समभागांचे व्यवहार मुंबईच्या शेअर बाजारांत होतात. मात्र तिचा एकही कॅसिनो महाराष्ट्रात उभा राहिला नाही. त्याचे कारण राज्याच्या कायद्यात सापडते.

स्थापना व विस्तार

ही कंपनी १९९० मध्ये 'क्रिओल होल्डिंग्ज' या नावाने स्थापन झाली. पुढे तिचे नाव 'अ‍ॅरो वेबटेक्स' झाले आणि २००८ मध्ये 'डेल्टा कॉर्प'. जयदेव मोदी हे तिचे प्रवर्तक. गोव्याने जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना, तर १९९६ मध्ये जहाजांवरील टेबलच्या खेळांना वाट मोकळी केली. या सवलतीच्या आधारे कंपनीने पणजीजवळ मांडवी नदीत 'डेल्टिन रॉयल'सारखे तरंगते कॅसिनो चालविले. सिक्कीममध्ये गंगटोक येथेही तिने कॅसिनो सुरू केला. वापीजवळच्या दमण येथे मोठे हॉटेल बांधले. परंतु तेथील कॅसिनोचा परवाना वादात अडकला.

महाराष्ट्रातील कायदा

महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये कॅसिनो नियंत्रण व कर कायदा संमत केला. त्या वेळी नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. कायदा लागू करण्याची अधिसूचना मात्र कधीच निघाली नाही. पुढे लातूर जिल्ह्यातील शिवाजीराव पाटील निलंगेकर व विलासराव देशमुख आणि नांदेडचे अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीतही हा कायदा कागदावरच राहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि नंतर तो रद्दही झाला. नांदेड, लातूरसह राज्यभर जुगाराच्या अड्ड्यांवर कारवाई होते ती १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये.

कराचा भार

सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तू व सेवा कर गुप्तचर महासंचालनालयाने कंपनीला सुमारे ११,१४० कोटी रुपयांच्या थकबाकीची नोटीस दिली. ही रक्कम कंपनीच्या तत्कालीन बाजारमूल्याहून अधिक होती आणि समभाग कोसळले. कंपनीने ही मागणी न्यायालयात आव्हानित केली. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोंवर चिप्सच्या दर्शनी मूल्यावर २८ टक्के, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के कर लागू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणल्याने कंपनीच्या त्या शाखेलाही धक्का बसला.

प्रश्न कोणाच्या खिशाचा?

गोवा सरकारने फेब्रुवारी २०२० पासून स्थानिक गोवेकरांना कॅसिनोत खेळण्यास मनाई केली. पर्यटकांना मात्र ही मनाई नाही. म्हणजेच गोव्याचा महसूल मुख्यतः बाहेरून आलेल्यांच्या पैशावर उभा राहतो आणि हरलेल्या पैशाची झळ शेजारच्या राज्यांतील घरांना लागते. महाराष्ट्राने कॅसिनोंना दार बंद ठेवून आपल्या घरांचे रक्षण करू पाहिले. परंतु गोव्याला जाणाऱ्या मराठी पर्यटकाला त्याचा आडसर होत नाही.