कैकाड्यांची डुकरं

आमच्याकडं एखाद्याला पार हलकं पाडायचं असलं की 'डुक्कर' म्हणत. दशावताराच्या तसबिरीतल्या वराहाला हात जोडायचे आणि पाणंदीत डुक्कर आडवं आलं की थुंकायचं, अशी रीत. गावात डुकरं पाळायचे ते कैकाडी. पालं ओढ्यापलीकडं, धंदा टोपल्या विणायचा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं त्याच्या यादीत कैकाड्यांचंही नाव चढलं. १९५२ ला कायदा गेला, तरी गावात चोरी झाली की पहिली झडती पालांचीच.

डुकराकडं नीट पाहिलं ते कैकाडी बायांनी. एक म्हातारी सांगायची, "व्यायच्या आदल्या दिशी डुकरीण खळगा उकरती, तोंडात गवत-काड्या आणून आथरती. तवाच कळतंय, आता पिल्लं हुणार." थोड्याच दिवसांत प्रत्येक पिल्लाचा सड ठरून जातो, हेही तिनंच दाखवलं. पाजताना डुकरीण हळू गुरगुरते. गुरगुर जलद झाली की दूध उतरतं, आणि पिल्लांना ते बरोबर कळतं.

शिकलेल्या जगानं हे फार उशिरा मनावर घेतलं. केंब्रिजच्या डॉनल्ड ब्रूम यांनी २००९ साली डुकरांपुढं आरसा ठेवला. पाच तास आरशाशी घालवलेल्या आठांपैकी सातांनी, आरशात दिसलेलं खाणं मागं वळून खऱ्या जागी गाठलं. अमेरिकेत चार डुकरं नाकानं जॉयस्टिक ढकलून पडद्यावरची खूण हलवायला शिकली. तो निबंध २०२१ ला छापून आला. त्यातली मला आवडलेली गोष्ट निराळीच आहे: खाऊ देणारं यंत्र बिघडलं, तरी माणसाच्या नुसत्या शाबासकीवर ती काम करत राहिली.

माणसाच्या आवाजाची ही ओढ म्हातारीला चांगली ठाऊक होती. गावभर उकिरडे हुंगत फिरलेली डुकरं सांजच्याला तिच्या हाळीवर परत यायची. दुसऱ्या कुणी कितीही ओरडलं तरी कान हलवायची नाहीत. म्हणूनच गिऱ्हाईक आलं की पंचाईत. फास हातात दिसला की जुनी डुकरं ओढ्यात पळत, आणि एकाच्या किंकाळीनं बाकीची खाणं टाकून थिजत.

"इकल्याबिगर पोट चालत न्हाई," म्हातारी म्हणायची. "हाळी म्याच द्यायची, आन् फास ल्योकानं टाकायचा. मंग दोन दिस माझ्या हाळीला येत न्हाईत. तिसऱ्या दिशी भाकरी कुस्करून न्यावी लागती. पाटी खाली ठिवायची आन् लांब जाऊन बसायचं. बोलायचं न्हाई."