वेस्ट इंडीजची चूल



इतिहास म्हटला कीं आपणांपुढें दप्तरें, ताम्रपट आणि बखरी उभ्या राहतात. परंतु ज्यांच्या हातीं लेखणी आलीच नाहीं, त्यांचा इतिहास कोठें धुंडावा? कॅरिबियन समुद्रांतील वेस्ट इंडीज बेटांपुरतें बोलावयाचें, तर तो चुलीपाशीं धुंडावा, असें मला वाटतें.

अठराव्या शतकांत या बेटांवर उंसाचें राज्य होतें. मळेवाल्याला सारी चांगली जमीन साखरेसाठीं हवी असे. आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांचें पोट तो शक्य तितक्या स्वस्तांत भागवी. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर खारविलेल्या कॉड मासळीपैकीं जी युरोपांत खपण्याजोगी नसे, ती इकडे येई. याच हिशेबानें कप्तान ब्लाय यानें १७९३ सालीं ताहितीहून नीरफणसाचीं रोपें सेंट व्हिन्सेंट व जमेका येथें पोंचविलीं. आपल्या कोंकणांतही हें झाड आहे. गुलामांना तें फळ प्रथम रुचलें नाहीं. पुढें त्यांच्या वंशजांनीं मात्र तें विस्तवावर भाजून आपलेंसें केलें. खारी मासळी तर पश्चिम आफ्रिकेंतून आलेल्या ॲकी नांवाच्या फळाबरोबर, कांदा-मिरची घालून, शिजूं लागली. आज तोच जमेकाचा राष्ट्रीय पदार्थ मानला जातो.

१८३८ सालीं हे गुलाम पूर्ण मुक्त झाले आणि मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. ३० मे १८४५ रोजीं 'फतेल रझाक' हें जहाज सुमारें सव्वादोनशें हिंदी मजूर घेऊन त्रिनिदादला लागलें. १९१७ पर्यंत त्या एका बेटावर सुमारें १,४४,००० माणसें गेलीं. बहुतेक आजच्या बिहार व उत्तर प्रदेशांतलीं. पांच वर्षांच्या करारानें बांधलेलीं. करार मोडणारास तुरुंग ठरलेला.

त्यांच्यापाशीं संपत्ति नव्हती. हाताची संवय मात्र होती. डाळ शिजवून, वाटून, भाजलेल्या जिऱ्यासह पोळींत भरावयाची, ही त्यांची दालपुरी. आपल्या पुरणपोळीची जणुं तिखटमिठाची बहीण. कोथिंबिरीच्या वासाची एक वनस्पति तेथें सांपडली, तिला ते 'बंधनिया', म्हणजे रानांतले धणे, म्हणूं लागले. मिरचीची कथा तर अधिकच नवलाची. ती मूळची अमेरिकेची. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यास आली. तिची चटक लागलेले हे मजूर तीन शतकांनंतर तिच्या माहेरींच जाऊन पोंचले!

आज त्रिनिदादमध्यें आफ्रिकी वंशाचीं माणसें दालपुरी आवडीनें खातात, आणि हिंदी वंशाच्या घरांतही अळूचीं पानें, भेंडी व नारळाचें दूध यांचें 'कॅलालू' शिजतें. कांहीं म्हणतात, पाहा, त्या स्थलांतराचें फळ किती गोड! हा विचार मला मान्य नाहीं. चवीनें अन्यायाची भरपाई होत नसते. मळेवाल्यानें दिलें तें केवळ राबणारें शरीर टिकविण्यापुरतें अन्न. त्याला चव आणली ती दिवसभर उंसांत राबून सायंकाळीं चूल पेटविणाऱ्या बायामाणसांनीं. त्यांचीं नांवें कोणत्याही बखरींत नाहींत. पण त्यांच्या हातची चव त्यांच्या पणतवंडांच्या ताटांत अजून आहे.